करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन

सर करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन (जन्म : ४ डिसेंबर १८९८, मृत्यू : १४ जून १९६१) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. के. एस. कृष्णन या नावाने ते अधिक परिचित आहेत. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे सहकारी म्हणून रामन परिणामाच्या शोधात त्यांचा प्रत्यक्ष वाटा होता. त्यांचे स्वतंत्र आणि प्रदीर्घ संशोधन मात्र स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवर आहे. स्फटिकातील अणूंची मांडणी आणि त्या स्फटिकाचे निरनिराळ्या दिशांतील चुंबकत्व यांचा संबंध त्यांनी अत्यंत सूक्ष्म मापनांनी प्रस्थापित केला. ग्रॅफाइट या थरयुक्त पदार्थावरील त्यांचे कार्य या संशोधनात विशेष महत्त्वाचे मानले जाते. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, नवी दिल्ली या संस्थेचे ते पहिले संचालक होते.

जन्म आणि शिक्षण

कृष्णन यांचा जन्म सध्याच्या तमिळनाडू राज्यातील श्रीविल्लिपुत्तूरजवळच्या वत्रप या गावी झाला. त्यांचे वडील शेती करीत असत आणि तमिळ व संस्कृत वाङ्मयाचे जाणकार होते. घरातील या वातावरणामुळे कृष्णन यांना दोन्ही भाषांतील साहित्याची लहानपणापासून गोडी लागली व ती अखेरपर्यंत टिकली. शालेय शिक्षण वत्रप आणि श्रीविल्लिपुत्तूर येथे झाल्यावर त्यांनी मदुराई येथील अमेरिकन कॉलेज आणि मद्रास येथील ख्रिश्चन कॉलेज येथे उच्च शिक्षण घेतले.

भौतिकशास्त्रातील पदवी घेतल्यानंतर ख्रिश्चन कॉलेजातच रसायनशास्त्राचे प्रयोगनिर्देशक म्हणून त्यांनी काही काळ काम केले. दुपारच्या सुट्टीत ते विद्यार्थ्यांशी विज्ञानातील कोणत्याही प्रश्नावर अनौपचारिक चर्चा करीत असत. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांशी आलेला हा निकटचा संबंध त्यांना पुढे उपयोगी पडला. रेणूची रासायनिक रचना आणि त्याचा भौतिक गुणधर्म यांचा एकत्रित विचार करणे हे त्यांच्या सर्व कार्याचे वैशिष्ट्य आहे.

कलकत्ता : प्रकाशाचे प्रकीर्णन

रामन यांच्या संशोधनाने आकृष्ट होऊन कृष्णन १९२० मध्ये कलकत्त्यास गेले. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधनास प्रारंभ केला. प्रारंभी त्यांनी शुद्ध केलेल्या द्रवांमधून होणाऱ्या प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा अभ्यास केला. प्रकीर्णित प्रकाशाच्या ध्रुवणावरून द्रवातील रेणू सर्व दिशांना सारखे आहेत की नाहीत, याचा अंदाज बांधता येतो. गोलाकार नसलेला रेणू विद्युत् क्षेत्राला निरनिराळ्या दिशांत निरनिराळा प्रतिसाद देतो. या गुणाला विषमदिक्ता म्हणतात. सर्व दिशांना सारखाच प्रतिसाद मिळत असेल, तर पदार्थ समदिक् आहे असे म्हणतात.

रामन आणि कृष्णन यांनी रेणूंच्या विषमदिक्तेचा विचार विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांत ठेवलेल्या द्रवांसाठीही केला. काही द्रव प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यास त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाचे दुहेरी वक्रीभवन होते. रेणू चुंबकीय दृष्ट्या विषमदिक् असल्यामुळे क्षेत्रात ते किंचित एका दिशेला वळतात, हे त्याचे कारण होय. रेणूचे चुंबकत्व त्याच्या आकारावर अवलंबून असते ही कल्पना कृष्णन यांच्यापुढे प्रथम या कामातून आली.

फेब्रुवारी १९२८ मध्ये प्रकीर्णित प्रकाशात मूळ प्रकाशापेक्षा वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश आढळतो, हा शोध लागला. त्या काळातील निर्णायक प्रयोगांपैकी अनेक कृष्णन यांनी केले. या नव्या प्रारणासंबंधीचे पहिले टिपण रामन व कृष्णन यांच्या संयुक्त नावाने ‘नेचर’ या नियतकालिकाच्या ३१ मार्च १९२८ च्या अंकात प्रसिद्ध झाले. १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रामन यांना एकट्याला मिळाले. शोधातील कृष्णन यांच्या वाट्याबद्दल पुढे अनेकदा चर्चा झाली आहे. कृष्णन यांनी मात्र शोधानंतर वर्ष संपण्यापूर्वीच कलकत्ता सोडले आणि स्वतःचे वेगळे क्षेत्र निवडले.

ढाका : स्फटिकांच्या चुंबकत्वाकडे

डिसेंबर १९२८ मध्ये कृष्णन ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रपाठक म्हणून रुजू झाले. सत्येंद्रनाथ बोस त्या वेळी तेथे प्राध्यापक होते. द्रवातील रेणू सतत हालत असतात व त्यांच्या दिशा अस्ताव्यस्त असतात. त्यामुळे एका रेणूचे गुणधर्म सरासरीतून काढावे लागतात. स्फटिकात मात्र रेणू ठरलेल्या जागी व ठरलेल्या दिशेने बसलेले असतात. रेणूचे चुंबकत्व त्याच्या आकारावर अवलंबून असेल तर त्याचा स्पष्ट पुरावा स्फटिकात मिळाला पाहिजे, हा विचार ढाका येथील संशोधनाच्या मुळाशी होता.

स्फटिक चुंबकीय क्षेत्रात टांगल्यास तो ठरावीक दिशेला वळतो हे एकोणिसाव्या शतकात मायकेल फॅराडे यांनी दाखवले होते. या घटनेला त्यांनी दिलेले चुंबक-स्फटिकी क्रिया हे नाव कृष्णन यांनी आपल्या लेखमालेसाठी वापरले. फॅराडे यांच्या काळी स्फटिकातील अणूंच्या जागा माहीत नव्हत्या, त्यामुळे या वळण्याचा अर्थ लावणे शक्य नव्हते. १९१२ नंतर क्ष-किरण विवर्तनाने स्फटिकांची अंतर्रचना उलगडू लागली. १९३० च्या सुमारास दोन्ही प्रकारची माहिती शेजारी ठेवून पाहण्याची वेळ आली होती.

बी. सी. गुहा व एस. बॅनर्जी यांच्यासह कृष्णन यांनी प्रतिचुंबकीय स्फटिकांवर केलेले काम १९३३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रतिचुंबकीय पदार्थ चुंबकीय क्षेत्रापासून किंचित दूर ढकलले जातात. हा परिणाम अत्यंत क्षीण असतो आणि स्फटिकाच्या दोन दिशांतील त्याचा फरक त्याहूनही लहान असतो. नॅप्थॅलीन, अँथ्रॅसीन यांसारख्या सुगंधी संयुगांच्या रेणूंत कार्बन अणूंची सपाट षट्कोनी वलये असतात. वलयाच्या प्रतलाला लंब दिशेने क्षेत्र लावल्यास या रेणूंचे प्रतिचुंबकत्व प्रतलातील दिशांपेक्षा बरेच अधिक भरते. वलयात इलेक्ट्रॉन एका अणूपुरते बांधलेले नसून सबंध वलयावर पसरलेले असतात. लंब दिशेच्या क्षेत्रात ते वलयाभोवती फिरू शकतात व त्यामुळे क्षेत्राला मोठा विरोध निर्माण होतो.

या गुणाचा उलटा उपयोगही कृष्णन यांनी केला. स्फटिकाच्या एकक कोशात दोन किंवा अधिक रेणू निरनिराळ्या दिशांना कललेले असतात आणि स्फटिकाचे एकूण चुंबकत्व त्या सर्वांची बेरीज असते. एका रेणूचे चुंबकीय गुणधर्म माहीत असतील तर स्फटिकाच्या मापनावरून रेणूंची प्रतले कोणत्या कोनात बसली आहेत हे काढता येते. क्ष-किरणांनी रचना ठरवणे त्या काळी अतिशय कष्टाचे व वेळखाऊ होते. चुंबकीय मापनाने आधीच कळलेला कोन त्या गणिताला दिशा देत असे. या विषयात ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला.

मापनाची पद्धत

कृष्णन यांची उपकरणे साधी होती, पण त्यांची अचूकता उल्लेखनीय होती. लहानसा एकसंध स्फटिक क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूला टांगून एकसमान चुंबकीय क्षेत्रात ठेवला जाई. पहिल्या पद्धतीत स्फटिकाला किंचित झोका देऊन क्षेत्र असताना व नसताना त्याच्या आंदोलनाचा काळ मोजत. दोन्ही काळांतील फरकावरून दोन दिशांच्या चुंबकीय ग्रहणशीलतेतील फरक मिळतो. ग्रहणशीलता म्हणजे दिलेल्या क्षेत्रात पदार्थ किती प्रमाणात चुंबकित होतो हे दाखवणारी राशी.

बॅनर्जी यांच्यासह १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेली दुसरी पद्धत क्रांतिक पीळ पद्धत म्हणून ओळखली जाते. तंतूच्या वरच्या टोकाला अंशांकित चकती जोडलेली असते. चकती हळूहळू फिरवल्यास तंतूला पीळ बसतो आणि स्फटिक आपल्या स्थिर स्थितीपासून थोडा वळतो. क्षेत्र त्याला मागे खेचत राहते. हा खेचणारा जोर स्फटिक ४५° वळेपर्यंत वाढतो व त्यानंतर कमी होतो. म्हणून स्फटिक ४५° च्या स्थितीला पोचला की यापुढचा किंचित पीळही त्याला तोल सावरू देत नाही आणि तो एकदम गर्रकन फिरतो. त्या क्षणी चकतीवरील कोन वाचला की तंतूची ताठरता, स्फटिकाचे वस्तुमान आणि क्षेत्राची तीव्रता यांवरून विषमदिक्ता काढता येते. निरीक्षकाला स्फटिकाचा सूक्ष्म कोन दुर्बिणीतून मोजावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा होता. ती पुढे अनेक प्रयोगशाळांत वापरली गेली.

समचुंबकीय क्षार

१९३३ मध्ये रामन बंगळूरला गेले. त्याच वर्षी कृष्णन कलकत्त्याच्या असोसिएशनमध्ये महेंद्रलाल सरकार प्राध्यापक म्हणून परतले. या काळात त्यांनी समचुंबकीय स्फटिकांवरील कामाचा विस्तार केला. लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे, मँगॅनीज यांच्या आयनांत काही इलेक्ट्रॉन जोडी न जुळता राहतात व त्यामुळे प्रत्येक आयन एका लहान चुंबकासारखा वागतो. सुटा आयन सर्व दिशांना सारखाच असतो. स्फटिकात मात्र त्याच्याभोवती बहुधा सहा ऑक्सिजन अणू किंवा पाण्याचे रेणू अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात आणि त्यांचे विद्युत् क्षेत्र आयनातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या बदलते. हान्स बेथे व जॉन व्हॅन व्ह्लेक यांनी या परिणामाचा सिद्धांत १९२९ ते १९३२ या काळात मांडला होता. त्याची बारकाईने पडताळणी करण्यासाठी लागणारी मापने मोठ्या प्रमाणात कृष्णन यांच्या गटाने पुरवली.

या मापनांतून दिसलेले चित्र असे आहे. अष्टफलक पूर्णपणे सममित असेल तर स्फटिक जवळजवळ समदिक् राहतो. अष्टफलक एका दिशेने किंचित ताणलेला किंवा दबलेला असेल तर चुंबकत्व दिशेनुसार बदलते. कोबाल्टच्या क्षारांत हा बदल फार मोठा असतो. मँगॅनीजच्या क्षारांत तो अगदी नगण्य असतो, कारण त्या आयनातील इलेक्ट्रॉनांची मांडणीच गोलाकार असते. हा नगण्य फरकही कृष्णन व बॅनर्जी यांनी मोजला. आयन तोच असूनही शेजारच्या अणूंच्या जागा बदलल्यास त्याचे चुंबकीय वर्तन बदलते, हा या मालिकेचा निष्कर्ष होय.

मोरचूद म्हणजेच तांब्याच्या सल्फेटाचा स्फटिक हे या कामाचे ठळक उदाहरण आहे. ए. मुखर्जी यांच्यासह कृष्णन यांनी त्याचा अभ्यास केला. क्ष-किरणांनी त्याची रचना १९३४ मध्ये उलगडली होती. त्याच्या एकक कोशात तांब्याचे दोन आयन असतात. प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे चार रेणू व ऑक्सिजनचे दोन अणू असा लांबट अष्टफलक असतो. दोन अष्टफलकांचे अक्ष परस्परांशी जवळजवळ काटकोन करतात. चुंबकीय मापने या रचनेशी जुळणारी आढळली. दोन्ही आयनांचे परिणाम अंशतः एकमेकांना झाकतात, त्यामुळे सबंध स्फटिकाची विषमदिक्ता एका आयनाच्या विषमदिक्तेपेक्षा कमी दिसते.

ग्रॅफाइट

शिसपेन्सिलीत वापरला जाणारा ग्रॅफाइट हा कार्बनचा थरयुक्त प्रकार आहे. त्याची रचना जे. डी. बर्नाल यांनी १९२४ मध्ये निश्चित केली होती. प्रत्येक थरात कार्बन अणू मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळीत बसलेले असतात. थरातील शेजारच्या दोन अणूंमधील अंतर सुमारे १.४२ अँगस्ट्रॉम असते. दोन थरांमधील अंतर सुमारे ३.३५ अँगस्ट्रॉम, म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक असते. थरांच्या आत अणू बळकट रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. थर एकमेकांना धरून राहतात ते मुख्यतः व्हान डर वाल्स बलामुळे. हे क्षीण आकर्षण डच शास्त्रज्ञ योहानेस डिडेरिक व्हान डर वाल्स यांच्या नावाने ओळखले जाते. त्यामुळेच ग्रॅफाइटचे थर बोटाच्या घर्षणाने सुटतात व कागदावर उमटतात. अशा रचनेच्या पदार्थांना आज व्हान डर वाल्स पदार्थ असे म्हटले जाते.

सुगंधी संयुगांच्या वलयाकडे पाहिल्यास ग्रॅफाइटचा थर म्हणजे अशा असंख्य वलयांची एक अखंड चादर आहे. वलयात जो परिणाम दिसतो तो या चादरीत किती वाढतो, हा प्रश्न कृष्णन यांनी हाती घेतला. १९३४ पासून त्यांनी ग्रॅफाइटच्या स्फटिकांची मापने प्रसिद्ध केली. पुढे एन. गांगुली यांच्यासह केलेला विस्तृत अभ्यास १९४१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. सर्वसाधारण तापमानाला थरांना लंब दिशेने ग्रॅफाइटची ग्रहणशीलता, सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत, दर ग्रॅममागे सुमारे −२१.५ × १०⁻⁶ भरली. थरांच्या प्रतलात ती सुमारे −०.५ × १०⁻⁶ एवढीच होती. एकाच पदार्थाच्या दोन दिशांत सुमारे चाळीसपटींचा फरक होता. प्रतलातील मूल्य हिऱ्याच्या, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन नसलेल्या कार्बनच्या, मूल्याशी जुळणारे होते. याचा अर्थ असा की ग्रॅफाइटचे सर्व असाधारण प्रतिचुंबकत्व लंब दिशेशीच निगडित होते.

विद्युत् वहनातही असाच फरक आढळला. १९३९ मध्ये कृष्णन व गांगुली यांनी ग्रॅफाइटच्या थरांच्या दिशेने वीज लंब दिशेपेक्षा हजारो पटींनी सुलभतेने वाहते असे दाखवले. चुंबकत्व व विद्युत् वहन ही दोन्ही मापने एकाच गोष्टीकडे निर्देश करीत होती. ग्रॅफाइटमधील मुक्त इलेक्ट्रॉन थराच्या आत सहज फिरतात, पण एका थरातून दुसऱ्या थरात जाणे त्यांना कठीण जाते. हे इलेक्ट्रॉन जवळजवळ द्विमितीय वायूसारखे वागतात. तापमानानुसार प्रतिचुंबकत्व कसे बदलते हेही दोघांनी मोजले. दर कार्बन अणूमागे एक मुक्त इलेक्ट्रॉन आणि सुमारे ५२० केल्विन इतके अपकर्ष तापमान असलेला इलेक्ट्रॉन वायू मानल्यास हा बदल स्पष्ट होतो, असे त्यांनी दाखवले. अपकर्ष तापमानाच्या बरेच खाली इलेक्ट्रॉनांवर पुंजयांत्रिकीय निर्बंध प्रभावी ठरतात आणि बरेच वर ते सर्वसाधारण वायूप्रमाणे वागतात. साध्या धातूंत हे तापमान हजारो अंशांचे असते. ग्रॅफाइटमध्ये ते प्रयोगशाळेच्या आवाक्यात होते, त्यामुळे हा संक्रमणाचा टप्पा प्रत्यक्ष मोजता आला.

या स्पष्टीकरणात पुढे मोठी सुधारणा झाली. फिलिप वॉलेस यांनी १९४७ मध्ये ग्रॅफाइटच्या एका थराचा ऊर्जापट्ट सिद्धांत मांडला. त्यानुसार इलेक्ट्रॉनांनी भरलेला पट्टा आणि रिकामा पट्टा काही ठरावीक बिंदूंवर एकमेकांना केवळ स्पर्श करतात. जोएल मॅक्‌क्लुअर यांनी १९५६ मध्ये या पट्टरचनेवरून ग्रॅफाइटच्या प्रबळ प्रतिचुंबकत्वाची उकल केली. मुक्त इलेक्ट्रॉन वायूचे साधे चित्र त्यामुळे मागे पडले. कृष्णन व गांगुली यांची मापने मात्र टिकून राहिली आणि नव्या सिद्धांताची कसोटी म्हणून वापरली गेली. ग्रॅफाइटच्या पातळ पट्ट्या प्रबळ चुंबकांवर हवेत तरंगतात, हा आज शाळा-महाविद्यालयांत दाखवला जाणारा प्रयोग याच लंब दिशेच्या प्रतिचुंबकत्वावर आधारलेला आहे.

विदेशांतील मान्यता

१९३७ मध्ये कृष्णन यांनी युरोपचा दौरा केला. अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या निमंत्रणावरून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांची व्याख्याने झाली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येही ते बोलले. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाने त्यांना पदक दिले. १९४० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले.

अलाहाबाद

१९४२ मध्ये कृष्णन अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. येथे त्यांनी धातू व मिश्रधातूंच्या विद्युत् रोधाचा सैद्धांतिक अभ्यास केला. ए. बी. भाटिया यांच्यासह त्यांनी द्रव धातूंच्या रोधावर लिहिले. द्रवातील अणूंची मांडणी स्फटिकासारखी नियमित नसते, तरी ती पूर्णपणे अस्ताव्यस्तही नसते. या अर्धवट नियमिततेचा इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनावर होणारा परिणाम त्यांनी विचारात घेतला. अणूंच्या मांडणीवरून पदार्थाचा गुणधर्म समजून घेण्याचा त्यांचा जुना धागा येथेही दिसतो. १९४६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला.

राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा

नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसवली गेली. त्याच वर्षी कृष्णन यांची तिचे पहिले संचालक म्हणून नियुक्ती झाली. प्रयोगशाळेच्या इमारतीचे उद्घाटन २१ जानेवारी १९५० रोजी वल्लभभाई पटेल यांनी केले. देशातील मोजमापांची राष्ट्रीय प्रमाणे जतन करणे हे या प्रयोगशाळेचे एक प्रमुख कार्य आहे. आयुष्यभर सूक्ष्म मापनांत गढलेल्या शास्त्रज्ञाकडे हे काम यावे हे स्वाभाविक होते.

प्रशासनाचा व्याप वाढला तरी कृष्णन यांनी संशोधन सोडले नाही. एस. सी. जैन यांच्यासह त्यांनी तप्त पदार्थांतून होणाऱ्या इलेक्ट्रॉन उत्सर्जनाचा अभ्यास केला व ग्रॅफाइटसाठीही ही मापने केली. निर्वातात विजेने तापवलेल्या तारेवर तापमान कसे वाटले जाते याचे गणितही त्यांनी केले. अणुऊर्जा आयोग आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांचे ते सदस्य होते. १९४९ मध्ये अलाहाबाद येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

सन्मान

रॉयल सोसायटीचे सदस्यत्व (१९४०)
‘सर’ किताब (१९४६)
पद्मभूषण (१९५४)
अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे विदेशी सहयोगी सदस्यत्व (१९५६)
शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९५८). या पुरस्काराचे ते पहिले मानकरी होते
राष्ट्रीय प्राध्यापक

व्यक्तिमत्त्व

कृष्णन स्वभावाने मृदू व मितभाषी होते, पण साहित्य, तत्त्वज्ञान आणि क्रीडा यांत त्यांना रस होता. तमिळ व संस्कृत साहित्याचे त्यांचे वाचन सखोल होते. विज्ञानविषयक लेखन तमिळ भाषेतूनही व्हावे असे त्यांना वाटे आणि त्यांनी स्वतः तसे लेखन केले. १४ जून १९६१ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. रॉयल सोसायटीसाठी त्यांचा चरित्रलेख कॅथलीन लॉन्सडेल व होमी भाभा यांनी लिहिला. तो १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला.

थरयुक्त चुंबकीय पदार्थ आणि कृष्णन यांचे कार्य

कृष्णन यांच्या निधनानंतर काही दशकांनी थरयुक्त पदार्थांचा अभ्यास भौतिकशास्त्राच्या मध्यभागी आला. आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्रॅफाइटचा एकच थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा करून त्याचे विद्युत् गुणधर्म मोजले. त्यानंतर एक थर जाडीचा पदार्थ लोहचुंबक असू शकेल का, हा प्रश्न पुढे आला. लोहचुंबकात अणूंचे लहान चुंबक आपोआप एकाच दिशेला रांगेत येतात.

हा प्रश्न विषमदिक्तेशी थेट जोडलेला आहे. डेव्हिड मर्मिन व हर्बर्ट वॅग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केले की, द्विमितीय पदार्थातील लहान चुंबकांना सर्व दिशा सारख्याच सोयीच्या असतील आणि त्यांच्यातील परस्परक्रिया जवळच्या अंतरापुरतीच असेल, तर निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला ते कायमचे रांगेत राहू शकत नाहीत. उष्णतेमुळे उठणारे मंद तरंग ती रांग मोडतात. एखादी दिशा इतरांपेक्षा सोयीची असली तरच रांग टिकते. अशी दिशा अणूभोवतीच्या रचनेमुळे निर्माण होते. कृष्णन यांनी समचुंबकीय क्षारांत मोजलेला परिणाम हाच होता. ज्या लहानशा फरकाचे महत्त्व त्यांच्या काळी प्रामुख्याने अणूंच्या मांडणीचा पुरावा म्हणून होते, तोच एका थरातील चुंबकत्वाच्या अस्तित्वाची अट ठरला.

२०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइड या व्हान डर वाल्स पदार्थाचा एकच थर सुमारे ४५ केल्विन तापमानाखाली लोहचुंबक असतो, असे आढळले. जाड स्फटिकात हे तापमान सुमारे ६१ केल्विन असते. या थरात प्रत्येक क्रोमियम आयनाभोवती आयोडीनचे सहा आयन अष्टफलकाच्या रूपात असतात आणि क्रोमियमचे आयन मधाच्या पोळ्यासारख्या जाळीत बसतात. आयोडीन हा जड अणू असल्यामुळे त्याच्या इलेक्ट्रॉनांची कक्षा व परिवलन यांचे युग्मन प्रबळ असते. क्रोमियम आयनांमधील चुंबकीय परस्परक्रिया आयोडीनमार्फत होत असल्याने या युग्मनाचा परिणाम तिच्यात उतरतो आणि थराला लंब असलेली दिशा चुंबकांना सोयीची ठरते.

थर एकमेकांवर कसे रचले आहेत यालाही तितकेच महत्त्व आहे. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा जाड स्फटिक कमी तापमानाला ज्या रचनेत असतो, तीत शेजारच्या थरांचे चुंबकत्व एकाच दिशेला असते. दोन थरांच्या पातळ नमुन्यात मात्र ते परस्परविरोधी दिशांना असते आणि नमुन्याचे एकूण चुंबकत्व जवळजवळ शून्य होते. पातळ नमुन्यात वरचा थर खालच्या थराच्या तुलनेत थोडा सरकलेला राहतो, हे यामागचे कारण आहे. दाबाने थर सरकवल्यास थरांमधील क्रम बदलून ते एकाच दिशेला येऊ शकतात, हे २०१९ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले. थरांना बांधणारे बल क्षीण असल्यामुळेच अशी सरकण शक्य होते.

कृष्णन यांनी या पदार्थांवर काम केले नव्हते आणि एकच थर वेगळा करण्याचे तंत्र त्यांच्या काळी उपलब्ध नव्हते. तथापि एकसंध स्फटिक घेऊन दिशेनुसार चुंबकत्व मोजायचे आणि त्याचा अर्थ अणूंच्या मांडणीवरून लावायचा, ही त्यांची रीत या नव्या क्षेत्रातही पायाभूत आहे. टांगलेल्या स्फटिकावरील पीळ मोजण्याचे तत्त्व आधुनिक पीळ-चुंबकमापीत आजही वापरले जाते.

स्मृती

राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा नवी दिल्लीत ज्या रस्त्यावर आहे त्याला डॉ. के. एस. कृष्णन मार्ग असे नाव आहे. नवी मुंबईत पनवेल येथे मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलाहाबाद येथील केंद्राला डॉ. के. एस. कृष्णन भूचुंबकीय संशोधन प्रयोगशाळा असे नाव देण्यात आले आहे. अणुऊर्जा विभागाकडून तरुण संशोधकांना दिली जाणारी एक संशोधन सहयोगवृत्तीही त्यांच्या नावाने आहे.